गिरणीवरचा लाल ठिपका

पुण्यात पर्यावरणाची बातमी म्हणजे खडकवासला किती भरलं. बाकी काहीही लिहा, कोणी ढुंकून बघत नाही. टेकडी फोडली म्हणून लिहा, ओढा बुजवला म्हणून लिहा, लोक पान उलटून राशिभविष्य वाचतात. अर्धं आयुष्य मी हेच लिहीत आले आणि अर्धं आयुष्य मला साहेबलोकांकडून एकच प्रश्न ऐकावा लागला, "पुरावा काय?" म्हणून मी नकाशा केला. त्या नकाशाचं कौतुक अजून काही लोक करतात. माझ्यासमोर कृपा करून करू नये. मी काय बोलेन ह्याची मलाच खात्री नाही.

मी बिबवेवाडीत राहते. आमच्या सोसायटीच्या मागे दोन गल्ल्या सोडून एक ओढा आहे. आहे म्हणायचं, कारण कागदावर तो अजून वाहतोय. जागेवर जाऊन बघाल तर एका वळणापाशी त्याचा गळा आवळलेला. तिथे ज्यांची जमीन आहे त्या गृहस्थांना सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. दादा त्या वळणावर टिपरच्या टिपर राडारोडा ओतत होते. पाडलेल्या इमारतींच्या विटा, फुटक्या फरशा, कमोडची शकलं. ओढ्यात भर टाकायची, वर मुरूम पसरायचा, रोलर फिरवायचा, की झाला प्लॉट तयार. आणि हे सगळं कधी चालायचं, तर दुपारी दीड ते चार. पुण्यात चोरी करायला रात्र कशाला लागते? दुपारी अख्खं गाव जेवून कुशीवर वळलेलं असतं.

वळणाच्या खालच्या अंगाला, काठालाच, एक पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्या मावशी साठीच्या, मूळच्या सासवडकडच्या. नवरा गेल्यावर एकटीनं पट्टा चढवायला शिकल्या, जात्याला टाकी मारायला शिकल्या, आणि तोंडाला पदर बांधून बावीस वर्षं लोकांचं दळण दळत राहिल्या. माझंही दळण त्यांच्याकडेच. डब्याच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं फ्लॅट नंबर, आत चिठ्ठी, "ज्वारी, बारीक". चिठ्ठी टाकायला विसरले तरी त्या विचारायच्या नाहीत. कुणाला कसं लागतं ते त्यांच्या हाताला माहीत होतं. गाळा मात्र दादांचा. करार नाही, कागद नाही, सगळं तोंडी.

आदल्या पावसाळ्यात ओढ्याला जायला वाट राहिली नाही, तेव्हा तो गिरणीत शिरला. मोटार बुडाली, लोकांचे डबे तरंगले. मावशींनी तीन दिवस चिखल उपसला. नंतर एकदा डबा माझ्या हातात देताना त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तुमी पेपरात हाय ना? त्या वळनाचं लिवा की. औंदा बी पाणी आलं तर माझी गिरणी संपली बघा."

लिहिलं. दोनदा लिहिलं. "पुरावा काय?" आलं.

तेव्हा नकाशाचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. आमच्या ऑफिसातल्या संगणकवाल्या मुलीकडून मी एक सोपा फॉर्म करून घेतला. वाचकांनी ओढ्यात कुठे भराव दिसला की फोटो काढायचा, फॉर्ममध्ये टाकायचा, एक ओळ लिहायची आणि "माझे ठिकाण" ह्या बटणावर बोट ठेवायचं. बोट ठेवलं की नकाशावर लाल ठिपका. एकाच जागी जास्त नोंदी आल्या की ठिपका मोठा होत जाणार. आता म्हणा पुरावा काय! अख्खं शहर साक्षीला उभं करते, अशा थाटात मी हिंडत होते.

अख्खं शहर म्हणजे कोण, तर निवृत्त मंडळी. त्यांच्याइतका वेळ आणि त्यांच्याइतका राग दुसऱ्या कुणाकडे नसतो. एकानं ओढ्याच्या नकाशात शेजारच्या कुत्र्याची तक्रार टाकली. एका बाईंनी वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या धुण्याचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "हाही जलप्रवाहच आहे." एका काकांनी फोटो एकही पाठवला नाही, माझ्या फॉर्ममधल्या शुद्धलेखनाच्या चुका मात्र क्रमवार कळवल्या. असली रद्दी मी रोज बसून उपटून काढायचे. पण खऱ्या नोंदीही येत होत्या, आणि सगळ्यात जास्त, सगळ्यात चोख नोंदी मावशींच्या होत्या.

मावशींना फॉर्म भरायला मीच शिकवलं. भर दुपारी, गिरणी बंद असताना, आत पोत्यांवर बसून. शिकवण्याआधी मी स्वतः वळणावर जाऊन दोन फोटो काढले होते आणि घरी येऊन फॉर्म भरला होता. तीच नोंद मी त्यांना माझ्या फोनवर दाखवली. "हे बघा, हा माझा फोटो, आणि हा नकाशातला माझा ठिपका."

त्यांनी फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला. नकाशा वाचायला त्यांना एक मिनिट लागलं. मग म्हणाल्या, "पर ह्यो तर तुमच्या बिल्डिंगीवर हाय."

"ती चाचणीची नोंद आहे हो, मी काढून टाकणार आहे ती," मी म्हणाले, आणि पुढचं शिकवायला लागले.

सगळं शिकून झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली. "माझं नाव न्हाई ना येणार? जागा दादांची हाय. त्यांना कळलं तर मी रस्त्यावर."

"नाव नाही, नंबर नाही, काही येणार नाही," मी म्हणाले. "जबाबदारी माझी."

किती सहज म्हणाले! तोंडाला काय, हाड थोडंच असतं.

त्या दिवसापासून मावशी दुपारी हातात काठी घेऊन वळणावर जायच्या. तिथे शेवग्याचं झाड आहे. शेंगा पाडायचं निमित्त करायचं, पदराआडून फोटो काढायचा, परत यायचं. टिपर रिकामा करणाऱ्या माणसांच्या नाकासमोर ही बाई फोटो काढून यायची. मला त्यांचं इतकं कौतुक वाटायचं की मी ऑफिसात सांगत सुटायचे, नाव न घेता अर्थात. नाव न घेण्याच्या बाबतीत मी फार काटेकोर होते.

नकाशा प्रसिद्ध करायच्या आदल्या दिवशी मी सगळी नोंदवही धुऊन पुसून काढली. नावं उडवली, फोन नंबर उडवले, कुत्रा उडवला, धुणं उडवलं. शेवटी आमच्या बिल्डिंगवरचा माझा ठिपका दिसला, तोही उडवला. उगाच सोसायटीत कोणी विचारत बसायला नको.

आमचे संपादक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी नकाशा उघडला आणि सगळ्यात मोठ्या लाल गोळ्यावर बोट ठेवलं. "ताई, हा हॉटस्पॉट काय आहे! किलर! हाच वर लावू." मी बघितलं. बिबवेवाडीतला गोळा, आमच्याच ओढ्यापाशी. छाती फुगली माझी. खाली ओळही मीच लिहिली, "ओढ्यावर सर्वाधिक भराव येथे." गोळा मोठा करून बघावा, नेमका कुठल्या कौलावर पडलाय ते तपासावं, एवढंही माझ्याच्यानं झालं नाही. दोन गल्ल्यांवरचा ओढा, त्यात काय बघायचं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आठवडाभर नुसता जयजयकार. लोक एकमेकांना नकाशा पाठवत होते. एका महाविद्यालयानं मला व्याख्यानाला बोलावलं. मी तक्रारही रीतसर दिली आणि सोबत नकाशा जोडला. मग त्या वॉर्डातल्या एका कनिष्ठ साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या ठिकाणांची पाहणी केली. राडारोडा कुठंच आढळला नाही."

"कुठंच नाही? डोळे घरी ठेवून गेला होतात का?"

"पहिल्या ठिपक्यावर गेलो तर तो दुसरा मजला निघाला. बनियनवर एक आजोबा आले दारात. आता काय, तुमच्या हॉलमध्ये राडारोडा आहे का विचारू?"

मला वाटलं, हा गृहस्थ खुर्चीतून हललेलाच नाही. उंटावरून शेळ्या हाकतोय आणि वर मलाच शहाणपण शिकवतोय. माझं डोकं सणकलं. "थांबा तिथंच," मी म्हणाले. "मी येते आणि दाखवते. तो सगळ्यात मोठा ठिपका आहे ना, तिथंच जाऊ. आत्ताच."

साहेब नकाशाची मोठी छापील प्रत घेऊन कोपऱ्यावर उभे होते. मोबाइलवर त्यांनी ठिपक्याची जागा लावली आणि मोबाइल सांगेल तसे चालू लागले. मी त्यांच्या शेजारून चालत त्यांना फैलावर घेत होते. तुमच्या खात्याला लाज कशी वाटत नाही, पावसाळ्यात लोकांच्या घरात पाणी शिरतं तेव्हा तुम्ही कुठे असता, पगार कशाचा घेता. बोलण्याच्या नादात ते कुठल्या गल्लीत वळले ह्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं. वाटलं, ओढ्याकडे आतून जायची वाट असेल.

ते थांबले. "घ्या. पोचलो. दाखवा राडारोडा."

समोर गिरणी होती.

पट्टा चालू होता. मावशी जात्यात गहू सोडत होत्या. दारातल्या बाकड्यावर दादांचा मुकादम पाय पसरून बसला होता, तोच जो वळणावर टिपर मोजून घ्यायचा. आम्हाला बघून तो उठला. "काय साहेब, कसला नकाशा?"

"ह्यांच्या पेपरातला," साहेब सरळ मनानं म्हणाले. "ओढ्याच्या भरावाचे सगळ्यात जास्त फोटो इथून गेलेत."

मावशींनी बटण बंद केलं. पट्टा हळूहळू थांबला. "मी न्हाई बा," त्या म्हणाल्या. "मला फोटो बी काढता येत न्हाई." फोन त्यांच्या कमरेच्या पिशवीत होता, त्याचा उंचवटा मला स्पष्ट दिसत होता.

त्या क्षणी मी खोटं बोलायला हवं होतं. नकाशा चुकला, संगणक बिघडला, मी वेडी आहे, काहीही. पण मला मेलीला बरोबर असण्याची खोड! माझा नकाशा खोटा म्हणतात म्हणजे काय! मी म्हणाले, "अहो, फोटो इथले नाहीतच, वळणावरचेच आहेत. ठिपका इथे पडलाय कारण त्यांनी फॉर्म..."

आणि मी थांबले. पण वाक्यात जे सांगायचं ते सांगून झालं होतं.

उन्हात स्क्रीन दिसत नाही, वळणावर उभं राहून फॉर्म भरायची भीती वाटते, म्हणून मावशी गिरणीत येऊन, दार लोटून, चष्मा लावून फॉर्म भरायच्या. "माझे ठिकाण" दाबलं की नकाशावर गिरणी. तसंच त्या बनियनवाल्या आजोबांचं, तसंच सगळ्यांचं. फोटो ओढ्यावर काढायचा, घरी येऊन पंख्याखाली बसायचं, चहा ठेवायचा आणि मग निवांत नोंद टाकायची. मी भरावाचा नकाशा केलाच नव्हता. भरावाविरुद्ध कोण कोण बोललं त्यांच्या घरांचा नकाशा मी केला होता आणि पहिल्या पानावर छापला होता.

मुकादमानं हात पुढे केला. साहेबांनी प्रत त्याच्या हातात दिली. का नाही देणार? छापून आलेलीच गोष्ट. त्यानं ती चार घड्या घालून खिशात ठेवली आणि मावशींना म्हणाला, "चालू द्या दळण."

चार दिवसांनी मावशींना निरोप आला. दादांच्या पुतण्याला गाळा हवा आहे, महिनाअखेर रिकामा करा. मीटर दादांच्या नावावर, त्यामुळे महिनाअखेरपर्यंत थांबायचीही गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी वीज गेली ती गेलीच.

मी दादांकडे गेले. पांढरे कपडे, गोड बोलणं. "या ताई, बसा. आपण चहा घेणार ना? अहो, गिरणीचा आणि नकाशाचा काय संबंध? घरातलं पोरगं कामाला लावायला नको का? आणि तुमचा तो नकाशा तर साहेबांनीच चुकीचा ठरवला म्हणे." चोर तो चोर, वर शिरजोर! पण तोंड उघडून बोलणार काय? साहेबांचा अहवाल खरोखरच तसा होता. नमूद ठिकाणी राडारोडा आढळून आला नाही, सबब तक्रार निकाली. एका नकाशानं दोन्ही कामं केली. ओढा निर्दोष सुटला आणि बाई सापडली.

ऑफिसात जाऊन मी संपादकांना म्हणाले, नकाशा आत्ताच्या आत्ता खाली काढा. ते म्हणाले, "ताई, छोटं करेक्शन टाकू ना. काढायचा कशाला? नाव तर आपण कुणाचंच दिलेलं नाही. टेक्निकली आपण क्लीन आहोत." मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ठिपके मी माझ्या हातानं पुसले, एकेक करून. ते म्हणाले, मी वाचकांच्या माहितीशी छेडछाड केली. केली तर केली, चुलीत जाऊ दे तुमची माहिती. बाकीच्या घरांच्या दारात कोण कोण येऊन गेलं, मला ठाऊक नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

नवा नकाशाही केला असता मी. तेच फोटो योग्य जागी लावून, वळणावर. पण तेव्हा गोळा वळणावर सरकवायचा म्हणजे आधीचा गोळा काय होता हे पुन्हा एकदा छापायचं. आणि तोपर्यंत वळणावर मुरूम पडून रोलर फिरलाही होता. फोटो काढायला तिथे आता सपाट जमीन होती आणि पत्र्याचं कुंपण.

मावशी निघाल्या त्या दिवशी मी गेले. न जाणं सोपं होतं, आणि मला जावंसंही वाटत नव्हतं, हे खरंच सांगते. टेम्पोत मोटार चढवली होती, जात्याच्या दोन्ही तळ्या गोणपाटात बांधल्या होत्या. भाचा सासवडला जागा बघतो म्हणाला होता. तिथे आधीच दोन गिरण्या आहेत, असं टेम्पोवाला मला म्हणाला.

मी म्हणाले, "मावशी, माझी चूक झाली."

त्या आत गेल्या आणि माझा डबा घेऊन आल्या. वीज जायच्या आदल्या दिवशी टाकलेला, तसाच राहिला होता. "तुमची ज्वारी," त्या म्हणाल्या. "दळून ठिवली व्हती."

मी डबा घेतला. जड होता. झाकणावर आमच्या फ्लॅटचा नंबर.

"एक इचारू?" त्या टेम्पोत चढता चढता थांबल्या. आवाज चढलेला नव्हता. रागानं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "तुमचा बी ठिपका व्हता की त्यात. तुमच्या बिल्डिंगीवर. तुमीच दावला मला."

"तो चाचणीचा होता, मावशी. काढून टाकला मी."

"व्हय, काढला. म्हंजी ठिपका घरावर पडतोय, हे तुमाला दिसलं व्हतं." त्यांनी पदर कमरेला खोचला. "मग माझा कसा न्हाई दिसला?"

टेम्पो निघून गेला. मी डबा घेऊन तिथेच उभी राहिले. उत्तर मला तेव्हाही येत होतं, फक्त त्यांच्या तोंडावर द्यायची लाज वाटली. माझा दिसला, कारण तो माझ्या घरावर होता.